आशीर्वाद न मागता खाल्लेलं

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
८ फेब्रुवारी १९८७

ति. आक्कास,
प्रभूच्या नावात सलाम.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की आमच्या मंत्रालयाच्या कॅन्टीनने गेल्या सोमवारपासून समोसा लहान केला आहे. भाव तोच, कोपरे तीनच, परंतु कोपऱ्याकोपऱ्यांमधलं अंतर कमी झालं आहे. पूर्वसूचना नाही, कर्मचाऱ्यांशी चर्चा नाही, साधं परिपत्रकसुद्धा नाही. स्वातंत्र्याला चाळीस वर्षं होत आली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सेक्शन ऑफिसरला चार वाजता मुठीत मावणारा समोसा खावा लागतो, ही गोष्ट इतिहास विसरणार नाही. मी तीन पानी निवेदन दिलं. अंडर सेक्रेटरीसाहेबांनी 'पाहिले' असा शेरा मारला, निवेदनाची घडी केली आणि तिच्यावर स्वतःचा समोसा ठेवला. तेलाचा डाग पुरावा म्हणून फाइलला लावला आहे.

उपाय म्हणून मी दोन खातो. दोन लहान मिळून एका मोठ्याहून जास्त होतात, पण तो माझा दोष नाही, भूमितीचा आहे.

बाकी ठीक. लतिकाच्या शाळेत परीक्षा चालू आहेत, त्यामुळे घरात माझ्याशीही ती सुपरवायझरसारखी वागते. डिस्पेन्सरीत रक्त तपासलं, साखर तीनशे बारा निघाली. डॉक्टर तरुण आहे, नाटकी आहे. म्हणाला, "साळवे साब, आप तो चलती-फिरती मिठाई की दुकान हैं." सकाळी एक गोळी दिली आहे. उजव्या पायाच्या करंगळीला नवा बूट चावला होता, ती जखम महिनाभर भरली नाही. त्यावरून तो भिववत होता की असंच खात राहिलात तर आधी बोट जाईल, मग पाय. मला दुखत मुळीच नाही, तेव्हा तू काळजी करू नकोस.

४ मार्चला राखेचा बुधवार. यंदा तिथून ईस्टरपर्यंत, सबंध लेंटभर, दिवसाचा कडक उपास धरायचा विचार आहे. आत्म्याचं काम होईल आणि डॉक्टरचंही.

तुझा,
गुणवंत

*

मिशन हॉस्पिटल, अहमदनगर
१५ फेब्रुवारी

चि. गुणवंतास,
अनेक आशीर्वाद.

समोशाबद्दल सहानुभूती. आता कामाचं.

'दुखत मुळीच नाही' हे तू आनंदाने लिहिलंस आणि ते वाचून मी वॉर्डातल्या स्टुलावर बसले. तीस वर्षं नर्सिंग करते आहे, गुणा. दुखरा पाय घेऊन माणूस स्वतः धावत येतो. न दुखणारा पाय घेऊन येतो तेव्हा त्याला चौघांनी आणलेलं असतं. जखम रोज लतिकाला दाखव. गरम पाण्यात पाय घालून बसू नकोस, भाजलेलं तुला कळणार नाही. काळं पडलं किंवा वास आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

उपास करू नकोस. साखरेची गोळी घेऊन उपाशी राहणं म्हणजे पेटत्या स्टोव्हवर रिकामं पातेलं ठेवणं. थोडं थोडं खा, वेळेवर खा, ताटात वाढून खा. आणि ऐकणार नसशीलच, तर निदान चारचौघांत जाहीर करू नकोस. तुला कौतुक पचत नाही.

दोन प्रश्न विचारते, खरं उत्तर दे. दिवसातून किती वेळा खातोस? आणि कोणासमोर?

तुझी,
आक्का

*

लक्ष्मीबाई नगर
१२ मार्च

ति. आक्कास,
सलाम.

तुझी सूचना शिरसावंद्य होती, परंतु राजाभाऊंपुढे कोणाचं काही चालत नाही. तुला ठाऊक आहे, इथल्या आपल्या मराठी मंडळीची प्रार्थनासभा महिन्यातून एकदा कोणाच्या तरी क्वार्टरमध्ये भरते. राजाभाऊ चर्चच्या कारभारी वडीलमंडळीत आहेत. गाझियाबादहून दोन बस बदलून येतात आणि प्रार्थनेचे विषय वहीत उतरवून घेतात. मी हळूच म्हटलं, "तब्येतीसाठी." त्यांनी पेन उचललं. "कुठला अवयव?"

मग सगळंच बाहेर आलं. साखर, बोट, उपास. त्यांनी माझ्या पोटासाठी नऊ मिनिटं प्रार्थना केली, नाव घेऊन. पोटाचं नव्हे, माझं. शरीर हे मंदिर आहे, असं सांगताना त्यांचं स्वतःचं मंदिर खुर्चीच्या दोन्ही हातांवरून ओसंडत होतं. आमेन झालं आणि त्याच खोलीत, ज्यांच्या घरी सभा होती त्या अरुणाबाईंनी बटाटेवडे आणले. बावीस माणसांनी बशा घेतल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास घेऊन बसलो. अरुणाबाईंचे डोळे भरून आले. आक्का, प्रमोशन झालं तेव्हाही मला इतका मान मिळाला नव्हता.

आठ दिवस झाले. सूर्य मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. पट्टा एक भोक आत गेला. बोट सुकत आलं आहे.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं: एकदा. लतिकासमोर.

तुझा,
गुणवंत

*

लक्ष्मीबाई नगर
२० मार्च

ती. आक्कांस,
सलाम.

माझं मराठी लिहिणं तुम्हाला माहीतच आहे, जन्म दिल्लीतला. चुका समजून घ्या. आणि मी लिहिलंय हे प्लीज ह्यांना कळू देऊ नका.

काल कूलर काढायला पलंगाखालची ट्रंक ओढली. मागे मिठाईचे रिकामे डबे होते. अकरा. एकात एक नीट बसवून ठेवलेले, ऑफिसच्या फाइलींसारखे. आक्का, हे माझ्यासमोर संध्याकाळी दोन फुलके खातात, दुधीची भाजी खातात, अच्छी झालीय म्हणतात. मग बाथरूममध्ये जातात आणि नळ सोडतात. मला वाटायचं, पोट बिघडलंय. आता कळलं की आवाज येऊ नये म्हणून नळ. परवा पाणी गेलेलं होतं. नळ वाजला नाही, तर हे तसेच परत बाहेर आले आणि माझ्यावर चिडले. कशावरून, तर म्युनिसिपालिटीवरून.

बोट मला दाखवत नाहीत. स्वतः पट्टी बांधतात. मोज्याला वास येतो. मी विचारलं तर म्हणतात, बुटाचं चामडं स्वस्त आहे. मी काय करू? भांडले तर हे आणखी खातील. नाही भांडले तरी खातील. मंडळीत सगळ्या बायका मला सांगतात की तुझा नवरा किती मोठा विश्वासणारा आहे. मी बिल्कुल एकटी पडलेय.

तुमची,
लतिका

*

अहमदनगर
२७ मार्च

चि. गुणवंतास,
अनेक आशीर्वाद.

तू लिहिलेलं मला खोटं वाटतं. कोणी सांगायची गरज नाही. ज्या माणसाने समोशावर तीन पानं लिहिली, तो चोवीस दिवस उपाशी राहून भुकेवर एक ओळ लिहीत नाही, हे होत नाही.

आता एक गोष्ट सांगते. ही मी एकोणचाळीस वर्षं कोणाला सांगितलेली नाही, पाळकसाहेबांनाही नाही.

अठ्ठेचाळीस साल. आपण बोर्डिंगमध्ये होतो. तू आठ वर्षांचा, म्हणून अजून मुलींच्या बोर्डिंगमध्ये माझ्याजवळ होतास. मोजून भाकरी मिळायची, लहानांना अर्धी. तू भाकरीचे तुकडे ट्रंकेत लपवायचास. एक दिवस मेट्रनबाईंनी ट्रंक उघडायला लावली. अठरा तुकडे निघाले, बुरशी आलेले. त्यांनी तुला सगळ्यांसमोर बाकावर उभं करून ते खायला लावले आणि शेवटी डोळे मिटून आभाराची प्रार्थना म्हणायला लावली. तुला आजवर वाटतं, त्यांना वास आला. वास नव्हता आला. मी सांगितलं होतं. सांगणाऱ्या मुलीला जॅम लावलेला पाव मिळायचा. मला मिळाला. तू बाकावर उभा होतास आणि मी तो खाल्ला.

मला क्षमा कर, हे लिहिणं सोपं आहे, म्हणून नंतर लिहीन. आधी पथ्य.

उपास आजच्या आज बंद. दिवसातून पाच वेळा थोडं खा, लतिकासमोर बसून. चोरून खावंसं वाटलं तर खा. पण आधी ते ताटात घे, डोळे मिट आणि त्या घासावर आशीर्वाद माग. मोठ्याने. ज्या घासावर आशीर्वाद मागायला जीभ उचलत नाही, तो खाली ठेव. आपला प्रभू लोकांच्या घरी इतका जेवायला बसायचा की निंदकांनी त्याला खादाड म्हटलं. पण तो नळ सोडून जेवला, असं कोणी म्हटलेलं नाही.

हो, त्या अकरा डब्यांचं मला माहीत आहे. लतिकावर रागावशील तर माझ्याशी गाठ आहे.

आक्का

*

वॉर्ड क्र. ६, सरकारी हॉस्पिटल, नवी दिल्ली
५ एप्रिल

आक्का,

तुझं पत्र बुधवारी आलं. मीही बुधवारीच आलो, इथे, उचलून. तारीख एक एप्रिल. बस स्टॉपवर पडलो तेव्हा लोकांना आधी थट्टा वाटली.

सगळं खरं आहे. डबे अकरा नाहीत, जास्त आहेत. ट्रंकेमागे अकराच मावतात. दिवसभर राजाभाऊंच्या प्रार्थनेच्या जोरावर राहायचो. संध्याकाळी ऑफिस सुटलं की सरोजिनी नगरच्या मार्केटात, मिठाईच्या दुकानामागे, जिथे कढया धुतात तिथे उभा राहायचो. मग घरी फुलके. मग नळ. पहिल्या दोन पेढ्यांची चव लागते, आक्का. पुढचे नुसते जातात. ते जात असताना कोणीतरी मला थांबवावं असं वाटतं आणि कोणी येऊ नये म्हणून कडी लावलेली असते. मग रडतो, शपथ घेतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी कडक उपास. एकतीस मार्चला एक किलो गेलं. सबंध किलो. म्हणून बुधवारी सकाळी प्रायश्चित्त म्हणून मी दोन गोळ्या घेतल्या. पाप दुप्पट, गोळी दुप्पट. सरकारी नोकरीत हिशेब असेच जुळवतात.

घाम सुटला, जीभ जड झाली, स्टॉपवरचा पिंपळ दोन झाला. तिथल्या चहावाल्याच्या म्हाताऱ्या बापाला हाच आजार होता म्हणे. "अरे, इनकी शुगर गिरी है!" असं ओरडून त्याने डब्यातली सगळी साखर माझ्या ओठांच्या आत चोळली. जी वस्तू मला मारत होती, तिनेच मला उठवलं. यावर राजाभाऊ अर्धा तास बोलू शकतील. मला काही बोलता येत नाही.

इथे आल्यावर मोजा काढला. करंगळी काळी होती. तिच्या शेजारचं बोटही. मंगळवारी कापणार. किती, ते उघडल्यावर ठरेल. शेजारच्या खाटेवर फरिदाबादच्या कारखान्यातला एक फिटर आहे, त्याचा पाय घोट्यापासून गेला. जेवणाची ट्रॉली आली की तो आपला पाय विसरतो. मीही माझा विसरतो. काल ट्रॉली येताना मी स्वतःला उठून बसलेलं पाहिलं आणि इतकी शिसारी आली की तोंड भिंतीकडे केलं. तरीही कानांनी वाट्या मोजत होतो.

सत्तेचाळीस वर्षांचा मी, आक्का, आणि मला समोशाची भीती वाटते. दारूचं बरं असतं, माणूस ती सोडून देऊ शकतो. मला माझ्या सैतानाशी दिवसातून पाच वेळा भेटायचं आहे, ताटात वाढून घेऊन. प्रार्थनेला डोळे मिटले तरी मला भूकच लागते. प्रभू माझं ऐकत नाही असं म्हणत नाही. तो ऐकून कंटाळला असावा.

तुझ्या जॅम-पावाबद्दल. लतिकाने ते मला वाचून दाखवताना माझ्याकडे पाहिलं नाही. तुला वाटतं, त्या दिवशी मी शरमेने मेलो. मला वेगळंच आठवतं आणि तेच मला कोणाला सांगता आलेलं नाही. मी रडत होतो, बाईंनी वेत धरला होता, सगळ्या मुली हसत होत्या. आणि माझं पोट भरलं होतं, आक्का. बोर्डिंगमध्ये पहिल्यांदा. मी आभाराची प्रार्थना म्हटली ती मनापासून म्हटली.

पाय राहिला तर कळवीन.

गुणवंत

*

अहमदनगर
११ एप्रिल

गुणा,

लतिकाची तार मिळाली. दोन बोटं गेली, पाय राहिला. वॉर्डातल्या मुलींनी मला पहिल्यांदा रडताना पाहिलं. त्यांची आता शिस्त बिघडेल.

रजेचा अर्ज केला होता, मिळाली नाही. तीन नर्सेस कमी आहेत. म्हणून लिहितेच.

तुझं पोट भरलं होतं, हे मी सात वेळा वाचलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी तुला लाजवलं. मी तर तुला भरपेट जेवायला मिळवून दिलं, फक्त लाजेसकट. तेव्हापासून तू दोन्ही एकत्रच वाढून घेतोस. एक घेतल्याशिवाय दुसऱ्याने तुझं भागत नाही.

आणि माझं ऐक. त्या दिवसानंतर मी जॅम खाल्ला नाही. एकोणचाळीस वर्षं. मला वाटायचं, हे माझं प्रायश्चित्त. काल विचार केला, प्रभूने माझ्याकडे जॅम कधी मागितला? मला तुझ्याजवळ बसून सांगायचं होतं, ते टाळायला मी जॅम सोडला. तू पेढे खाऊन लपलास, मी जॅम न खाऊन. एकाच आईची लेकरं.

आता क्षमा मागते. लगेच देऊ नकोस. आधी जेव.

प्रभू कंटाळला असेल तर त्याचं तो बघेल. तू ट्रॉलीच्या वाट्या मोजत असताना तो त्या खाटेशी बसला नव्हता, हे तुला कोणी सांगितलं? तुझी पाठ होती.

जखमेला पाणी लावू नकोस. उरलेली आठ बोटं रोज लतिकाला दाखव.

आक्का

*

लक्ष्मीबाई नगर
२६ एप्रिल

ति. आक्कास,
प्रभूच्या नावात सलाम.

क्षमा केली. जेवून लिहितो आहे: दीड फुलका, मेथी, ताक. लतिकासमोर. ती आता माझ्याकडे बघत नाही, वर्तमानपत्र वाचते. हे बघण्याहून अवघड असावं.

तुझ्या आशीर्वादाच्या उपायाचा अहवाल असा. घरी आल्यावर चौथ्या दिवशी कोणीतरी पेढे आणले. एक ताटलीत घेतला, डोळे मिटले, शब्दच निघेना. ठेवून दिला. फार मोठा विजय वाटला. पाचव्या दिवशी डोळे मिटले, शब्द भराभर निघाले आणि मी तीन खाल्ले. तेव्हा ही पद्धत नेहमीच चालते असं नाही. पण ते तीन मी स्वयंपाकघरात खाल्ले, दिवा लावून, आणि लतिकाला सांगितले. ती म्हणाली, "अच्छा." मग बराच वेळ भांडी घासत राहिली. घासलेलीच. सांगणं हे पेढ्याहून जड जातं. चौथा त्यामुळेच राहिला.

ईस्टरला चर्चच्या हॉलमध्ये प्रीतिभोजन होतं. राजाभाऊंनी मला साक्ष द्यायला उभं केलं. उपासाने मिळालेला विजय, असा विषय त्यांनी आधीच जाहीर केला होता. काठी घेऊन उभा राहिलो. म्हटलं, "विजय नाही मिळाला. लेंटभर तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केलीत आणि लेंटभर मी न्हाणीघरात कडी लावून मिठाई खाल्ली. बोटं त्यात गेली. आज सकाळपासून चोरून काही खाल्लेलं नाही. दुपारचं माहीत नाही. माझ्यासाठी प्रार्थना करायचीच असेल, तर दुपारपुरती करा."

लतिकाने मान खाली घातली होती. मला वाटलं, संपलं. दिल्लीतली आपली माणसं ती किती, आणि आता ती मला सलामही करणार नाहीत. कोणी आमेन म्हटलं नाही. राजाभाऊंनी वही उघडली, पेन उचललं. मग म्हणाले, "विषय लिहून घेतो. दुपार." आणि थोड्या वेळाने, हळू: "माझंही नाव घालतो. माझं बिस्किटांचं आहे." जेवणात ते माझ्या शेजारी बसले. आम्ही दोघं एकमेकांच्या ताटाकडे न बघता जेवलो. घामाघूम झालो होतो दोघंही.

सुटलो असं समजू नकोस. कालही मार्केटच्या वळणावर रिक्षा थांबवावीशी वाटली. रोज वाटतं. डॉक्टर म्हणतो, डाव्या पायावर लक्ष ठेवा. मी भितो, आक्का. पूर्वी भिऊन खायचो. आता भिऊन लतिकाला हाक मारतो. दोन्ही वेळा भीती तेवढीच असते.

काल संध्याकाळी एक काम केलं. रेशनची साखर आली होती. त्यातली पाव किलो कागदात बांधून घेतली आणि बस स्टॉपकडे निघालो. डाव्या हातात काठी, उजव्यात पुडी. लतिका म्हणाली, मी धरते. म्हटलं, नको. ती बरोबर चालत राहिली. चार मिनिटांचा रस्ता, मला पंधरा लागली. पुडीचा कागद एका कोपऱ्याला फाटला होता आणि हाताच्या एका बोटाला साखर खरखरीत लागत होती. सगळा रस्ता मला फक्त ते बोट ठाऊक होतं. तोंडाकडे उचललं नाही.

चहावाल्याने मला ओळखलं नाही. त्याच्या स्टॉपवर माणसं पडतच असतात म्हणे. मी पुडी त्याच्या डब्याशेजारी ठेवली आणि म्हटलं, "उस दिन आपकी चीनी लगी थी." त्याने एकदा माझ्या पायाकडे पाहिलं, पुडी डब्यात ओतली, कागद झटकून गल्ल्याखाली सारला आणि विचारलं, "चाय?"

"दो," म्हटलं. "एक फीकी."

बिनसाखरेचा, वाईट होता. लतिकाच्या शेजारी उभं राहून सगळा प्यायलो.

तुझा,
गुणवंत